लहान मुलांचे घरातील आणि बालवाडीतील शिक्षण : पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तान्ह्या बाळापासून पहिलीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलापर्यंतच्या पालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. या सर्व उत्तरांमागे एक ठाम धारणा आहे. लहान मूल शिकते ते त्याच्याशी बोलणाऱ्या, त्याचे ऐकणाऱ्या आणि त्याला वस्तू हाताळू देणाऱ्या माणसांच्या सहवासात. पहिलीचा अभ्यासक्रम दोन वर्षे अलीकडे ओढल्याने ते शिकणे वाढत नाही.

बालशिक्षण म्हणजे नेमके काय, आणि ते कोणत्या वयापासून सुरू होते?

ते जन्मापासून सुरू होते. बाळ आईच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहते, आवाजाच्या दिशेने मान वळवते, हुंकार देते आणि समोरून हुंकार आला की पुन्हा देते, तेव्हा त्याचे शिक्षण चाललेलेच असते. धोरणाच्या भाषेत मात्र वयाचे टप्पे पाडावे लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एकसंध ‘पायाभूत स्तर’ मानला असून त्यात बालवाडीची किंवा अंगणवाडीची तीन वर्षे आणि इयत्ता पहिली-दुसरी यांचा समावेश केला आहे. पहिली-दुसरीच्या वर्गांतही खेळाला, गोष्टींना आणि गप्पांना जागा असावी, ही त्यामागची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी उलटे घडते आणि बालवाडीच पहिलीसारखी होऊन बसते.

कायद्याची स्थिती अशी आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४५ मध्ये बदल करून, सहा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या संगोपनाची आणि शिक्षणाची व्यवस्था करण्यासाठी राज्याने प्रयत्नशील राहावे, असे म्हटले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ नुसार तीन वर्षांवरील मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय शासन करू शकते. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मात्र सहा ते चौदा या वयालाच मिळाला. ज्या वयात शिकण्याचा पाया घातला जातो, तेच वय हक्काच्या बाहेर राहिले, ही आपल्या व्यवस्थेतील गंभीर उणीव आहे असे आम्हाला वाटते.

इतक्या लहान वयातल्या शिकण्याला एवढे महत्त्व का दिले जाते?

कारण या वयात मेंदूची वाढ अत्यंत वेगाने होते आणि ती वाढ कोणत्या दिशेने व्हावी, हे बऱ्याच अंशी मुलाच्या भोवतीच्या अनुभवांवर ठरते. जन्माच्या वेळी बाळाच्या मेंदूचे वजन प्रौढ माणसाच्या मेंदूच्या सुमारे एक चतुर्थांश असते आणि सहा वर्षांपर्यंत ते प्रौढाच्या जवळपास नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचते. वजनापेक्षाही महत्त्वाचे असते ते पेशींमधील जोडण्यांचे जाळे. ज्या जोडण्या रोज वापरल्या जातात त्या पक्क्या होतात आणि ज्या वापरल्या जात नाहीत त्या हळूहळू विरून जातात.

याचे एक उदाहरण आपल्या भाषांच्या अगदी जवळचे आहे. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या संशोधकांनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ यांमधला फरक इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना सहसा ऐकू येत नाही. परंतु इंग्रजी भाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो ओळखता येत होता, आणि दहा ते बारा महिन्यांच्या सुमारास त्यांची ही क्षमता बरीचशी मावळलेली आढळली. मराठी घरातल्या बाळाला हा भेद आयुष्यभर सहज कळतो, कारण ‘टाक’ आणि ‘ताक’ हे दोन्ही शब्द त्याच्या कानावर रोज पडत असतात. पहिला वाढदिवस होण्याच्या आधीच बाळाचा कान आपल्या घरच्या भाषेचा होऊ लागलेला असतो. त्याला अजून काही कळत नाही, असे समजून त्याच्याशी न बोलणे म्हणूनच फार महाग पडते.

केवळ आवाज कानावर पडणे मात्र पुरेसे नाही. दिवसभर चालू असलेल्या दूरदर्शन संचातूनही पुष्कळ शब्द ऐकू येतात, पण त्यातून बाळाला प्रतिसाद मिळत नाही. बाळाने बोट दाखवले, आईने त्या दिशेला पाहून ‘चिमणी आली का?’ असे विचारले, बाळाने पुन्हा आवाज केला आणि आईने त्या आवाजालाही उत्तर दिले, असा जो दुहेरी व्यवहार असतो, त्याच्यावर भाषा आणि विश्वास या दोन्ही गोष्टी उभ्या राहतात.

या प्रयत्नांचा परिणाम पुढे खरोखर टिकतो, याला आधार काय?

दीर्घकाळ पाठपुरावा केलेले काही अभ्यास याबाबत फार मोलाचे आहेत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलांटी या गावी १९६२ साली पेरी प्रीस्कूल या नावाने ओळखला जाणारा प्रकल्प सुरू झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांपैकी ५८ मुलांना बालवाडीत घेतले गेले, त्यांच्या शिक्षिका दर आठवड्याला त्यांच्या घरीही जात असत, आणि सर्व मुलांचा पाठपुरावा ती चाळिशीत पोहोचेपर्यंत आणि त्यानंतरही केला गेला. बालवाडीतल्या मुलांच्या बुद्ध्यंकात सुरुवातीला दिसलेली वाढ काही वर्षांत ओसरली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही त्यांतील अधिक जणांनी शालेय शिक्षण पूर्ण केले, त्यांची मिळकत अधिक राहिली आणि गुन्ह्यांसाठी अटक होण्याचे प्रमाण कमी राहिले. टिकून राहिलेली गोष्ट बहुधा चिकाटी, स्वतःवर ताबा ठेवणे आणि इतरांशी जुळवून घेणे या सवयींशी निगडित होती. बालवाडीकडून आपण काय मागावे, हे ठरवताना हा निष्कर्ष विसरता येणार नाही.

आपल्या परिस्थितीला अधिक जवळचा अभ्यास जमैकातील आहे. १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांमधील, कुपोषणामुळे उंची खुंटलेल्या १२९ बालकांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला सुमारे तासभर जात होत्या. त्या आईला बाळाशी कसे बोलावे, कसे खेळावे हे करून दाखवत आणि घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून बनवलेली खेळणी वापरत. वीस वर्षांनंतर या मुलांची कमाई, अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक असल्याचे आढळले. ज्यांना केवळ पूरक आहार मिळाला होता, त्यांच्या बाबतीत कमाईवर असा दीर्घकालीन परिणाम दिसला नाही. याचा अर्थ आहार गौण आहे असा मुळीच नाही. पोट भरलेले असल्याशिवाय मूल खेळणार कसे? परंतु आहाराच्या जोडीला संवाद नसेल तर अर्धेच काम होते, हे यातून स्पष्ट होते.

भारतातही आसाम, राजस्थान आणि पूर्वीचा अविभक्त आंध्र प्रदेश येथील सुमारे चौदा हजार मुलांचा चौथ्या ते आठव्या वर्षापर्यंत मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बालवाडीत नियमित गेलेली मुले शाळेसाठी अधिक तयार असतात, पण शिकवण्याची पद्धत मुलांच्या वयाला साजेशी असेल तरच हा लाभ ठळक होतो, असे त्यातून दिसले. ज्या बालवाड्यांत पाठांतर आणि लेखन यांवरच भर होता, तेथील चित्र समाधानकारक नव्हते.

आम्ही दोघेही कामावर जातो. घरी शिकवायला वेळ मिळत नाही. काय करावे?

वेगळा वेळ काढून ‘शिकवण्याची’ या वयात गरज नाही. जी कामे घरात होणारच आहेत, त्यांत मुलाला सामील करून घेतले आणि काम करता करता त्याच्याशी बोलले, तर रोजचा तास-दीड तास सहज भरतो. मटारच्या शेंगा सोलताना बोटांना नेमकेपणाचे काम मिळते. कणकेचा गोळा हातात दिला तर मूल तो लाटते, दाबते, तोडते आणि पुन्हा जोडते. लिहिण्यासाठी हाताची जी ताकद लागते ती अशाच कामांतून येते. वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणे, ताटे मांडताना घरात किती माणसे आहेत ते पाहून तितक्या वाट्या आणणे, भाजी घेऊन आल्यावर कांदे-बटाटे वेगळे करणे, ही सर्व गणिताची पूर्वतयारी आहे. कामाचा वेग यात कमी होतो आणि थोडा पसाराही होतो, हे खरे. पण सकाळच्या घाईत जमले नाही तर रात्रीच्या जेवणापूर्वीचा किंवा सुट्टीच्या दिवसाचा वेळ त्यासाठी राखता येतो.

बोलणे कसे असावे, हेही महत्त्वाचे आहे. ‘हात धू’, ‘बस’, ‘पटकन खा’ अशी सूचनावजा वाक्ये घराघरांत दिवसभर ऐकू येतात आणि त्यांचे उत्तर मुलाने द्यावे अशी अपेक्षाच नसते. त्याऐवजी ‘आज आमटी पिवळी का दिसते आहे?’, ‘बसमध्ये आपल्या शेजारी कोण बसले होते?’ असे विचारले, थोडे थांबले आणि मुलाने दिलेल्या तुटक उत्तराला आणखी दोन शब्द जोडून ते परत केले, तर त्याची भाषा झपाट्याने वाढते. मूल म्हणाले ‘गाडी गेली’, तर आपण म्हणावे, ‘हो, लाल गाडी भुर्रकन पुढे गेली.’ चूक काढून दाखवण्यापेक्षा असे पूर्ण वाक्य कानावर पडणे अधिक उपयोगाचे असते.

घरात कोणीच फारसे शिकलेले नसेल, तर मूल मागे पडते का?

पालकांच्या शिक्षणाचा मुलांवर परिणाम होतो, हे नाकारता येणार नाही. पण या वयात ज्या गोष्टी सर्वाधिक लागतात, त्यांसाठी पदवी लागत नाही. गोष्ट सांगणारी आजी, बडबडगीते म्हणणारी मावशी, शेतावर नेऊन पिकांची, पाखरांची आणि अवजारांची नावे सांगणारे आजोबा यांच्याकडे शब्दांचा मोठा साठा असतो, आणि जात्यावरच्या ओव्यांचा वारसा असलेल्या घरांत तर लय आणि यमक यांचा कानाला आपोआप सराव होतो. ज्या आईला वाचता येत नाही, तिनेही चित्रांचे पुस्तक मांडीवर घेऊन मुलासोबत पाने उलटावीत, चित्रांवरून गोष्ट रचावी आणि मुलालाही रचू द्यावी. पुस्तक ही आनंदाची वस्तू आहे, हे मुलाला पटले की पुढचे वाचन पुष्कळ सोपे होते.

अंगणवाडीत घालावे की खासगी बालवाडीत?

अंगणवाडी म्हणजे केवळ खिचडी मिळण्याची जागा, असा एक समज शहरी आणि निमशहरी पालकांमध्ये रुजला आहे. तो अन्यायकारक आहे, कारण या कल्पनेचा उगमच महाराष्ट्रात आणि शिक्षणाच्या ध्यासातून झाला. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी गुजरातमधील भावनगर येथे बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केले, १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या कामात त्या अग्रभागी होत्या, आणि १९४५ मध्ये त्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाला सुरुवात केली. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गावातली बालवाडी सुरू झाली, पण दलित आणि आदिवासी वस्त्यांमधली मुले तेथे येईनात. तेव्हा मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, असा निर्णय झाला आणि त्यातून अंगणवाडी जन्माला आली. मुलांना आंघोळ घालण्यापासून आणि नखे कापण्यापासून कामाची सुरुवात होई. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून शैक्षणिक साधने तयार होत. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळाही चालवली गेली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडल्यास पुढील उपचारांसाठी पाठवणे), आरोग्य व पोषणाचे शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तिच्याकडे सोपवल्या गेल्या. आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. अडचण अशी, की सेविकाताईंवर आहारवाटप, वजन-उंचीच्या नोंदी, मोबाइलवरची माहिती, गृहभेटी आणि सर्वेक्षणे यांचा इतका भार असतो, की शिकवण्याचा वेळ सर्वांत आधी कापला जातो. तामिळनाडूत यावर एक प्रयोग झाला. काही अंगणवाड्यांना केवळ पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी अर्धवेळ अतिरिक्त कार्यकर्ती देण्यात आली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचे भाषा आणि गणिताचे आकलन सुधारले, आणि जुन्या सेविकेला पोषणाकडे लक्ष देण्यास अवधी मिळाल्याने कुपोषणही घटले. दोष सेविकांच्या इच्छेत नसून त्यांच्यावरील कामाच्या वाटणीत आहे, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा नाही. शासनाकडे मागणी करायचीच असेल, तर पालकांनी या अतिरिक्त मनुष्यबळाची करावी.

म्हणून आमचे उत्तर असे : जवळची अंगणवाडी नियमित उघडत असेल आणि सेविकाताई मुलांशी खेळत-बोलत असतील, तर तेथे मूल निश्चिंतपणे पाठवावे. खासगी बालवाडीची फी, गणवेश किंवा इंग्रजी नाव यांवरून तिच्या दर्जाबद्दल काहीही कळत नाही.

चांगली बालवाडी ओळखायची कशी?

एक सकाळ तेथे बसून पाहावे. पालकांना आत येऊच न देणाऱ्या बालवाडीबद्दल मनात शंका धरावी. मुले बोलताना, हालचाल करताना दिसतात की हाताची घडी घालून बसलेली असतात? शिक्षिका मुलांच्या उंचीला येऊन, खाली बसून बोलतात का? ठोकळे, मणी, माती, रंग आणि पुस्तके मुलांच्या हाताला लागतील अशा जागी आहेत, की काचेच्या कपाटात पाहुण्यांसाठी ठेवलेली आहेत? रडणाऱ्या मुलाला कोणी जवळ घेते का? स्वच्छतागृह मुलांना एकट्याने वापरता येईल असे आणि स्वच्छ आहे का? तीन ते सहा वयाच्या साधारण वीस मुलांमागे एक मोठी व्यक्ती, असे प्रमाण राष्ट्रीय निकषांत सुचवलेले आहे; चाळीस-पन्नास मुलांमागे एकच शिक्षिका असेल, तर ती कितीही कुशल असली तरी प्रत्येक मुलाशी बोलू शकणार नाही.

पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन ते सहा या वयासाठी नेमलेली पाठ्यपुस्तके नसावीत आणि चाचण्या-परीक्षा या वयाला सर्वस्वी अयोग्य आहेत, असे त्यात नमूद आहे. छोट्या गटाच्या मुलांची लेखी परीक्षा घेऊन टक्केवारी देणाऱ्या संस्थेला हा आराखडा दाखवून प्रश्न विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. शारीरिक शिक्षा, अंधाऱ्या खोलीची भीती, इतरांसमोर हिणवणे यांपैकी काहीही आढळले, तर मात्र विचारविनिमय करत न बसता मुलाला तेथून काढावे.

चार वर्षांच्या मुलाला अजून लिहिता येत नाही. शेजारचे मूल तर शंभरपर्यंत अंक लिहिते. काळजी करावी का?

काळजीचे कारण नाही. लेखन ही हाताची, डोळ्यांची आणि अर्थाची एकत्र घडणारी क्रिया आहे. आधी खांदा आणि दंड यांचे स्नायू बळकट होतात, मग मनगट स्थिर होते आणि त्यानंतर बोटांना बारीक हालचाल जमते. धावणे, चढणे, लोंबकळणे, वाळूत खेळणे, माती मळणे, कागद फाडणे, मणी ओवणे आणि मोठ्या कागदावर मनसोक्त रेघोट्या ओढणे हीच चार वर्षांच्या मुलाची लेखनपूर्व तयारी असते. ती होण्यापूर्वी चार रेघी वहीत पानेच्या पाने गिरवायला लावली, तर बोटे दुखतात, पेन्सिल चुकीची धरण्याची सवय लागते आणि लिहिणे म्हणजे शिक्षा, अशी खूणगाठ मुलाच्या मनात बसते. ती सुटायला पुढे अनेक वर्षे लागतात.

वाचनाबाबत मराठीची एक सोय आहे. आपल्या लिपीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराच नियमित आहे. त्यामुळे ज्या मुलाच्या कानाला शब्दांतले ध्वनी सुटे करून ऐकण्याची सवय झाली आहे, त्याला अक्षरे भराभर येतात. ही सवय पाटी-पेन्सिलीशिवाय लावता येते. ‘क’ने सुरू होणाऱ्या घरातल्या वस्तू शोधणे, ‘कमळ’ या शब्दातील प्रत्येक अक्षराला एक टाळी वाजवणे, ‘पाणी’ला जुळणारा शब्द सांगणे, थोड्या मोठ्या मुलांशी भेंड्या खेळणे, हे सर्व प्रवासातही होते. मुळाक्षरांचा तक्ता ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने घोकण्यापेक्षा मुलाच्या स्वतःच्या नावातले अक्षर आधी ओळखीचे करून द्यावे. स्वतःचे नाव प्रत्येक मुलाला हवेहवेसे वाटते.

अंकांचेही तसेच. शंभरपर्यंत म्हणता येणे आणि संख्या समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाच चिंचोके एका ओळीत जवळजवळ मांडा आणि दुसऱ्या ओळीत पाचच चिंचोके लांब लांब मांडा. चार वर्षांची पुष्कळ मुले दुसऱ्या ओळीत जास्त आहेत असे सांगतील, मग ती शंभरपर्यंत घडाघडा म्हणत असली तरी. बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिलेली ही अवस्था रागावून किंवा समजावून ओलांडता येत नाही. वस्तू हाताळत, वाटत, मोजत आणि पुन्हा मोजतच मूल तिच्यापलीकडे जाते.

बालवाडी मराठी असावी की इंग्रजी? आमच्या घरी तर प्रमाण मराठीही बोलली जात नाही.

ज्या भाषेत मूल विचार करते, हट्ट करते आणि स्वप्ने सांगते, त्या भाषेत त्याची बालवाडी असावी. २०२० च्या धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा शिक्षणाचे माध्यम असावी, असे म्हटले आहे. मराठी बोलणारे तीन वर्षांचे मूल पूर्ण इंग्रजी वर्गात गेले, की कित्येकदा ते काही महिने गप्प होते. त्याच्या मनात सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण ते सांगण्याचे साधन त्याच्याकडून काढून घेतलेले असते. प्रश्न विचारण्याचे वय अशा रीतीने मौनात जाऊ देणे, हे फार मोठे नुकसान आहे. इंग्रजीची ओळख गाणी, खेळ आणि चित्रांची पुस्तके यांतून रोज थोडी झाली, तर त्यात काहीच वावगे नाही. लहान मुले दोन-तीन भाषा आनंदाने सांभाळतात आणि पहिल्या भाषेत पक्के झालेले आकलन दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते.

बोलीबद्दल विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. वारली, कातकरी, पावरी, कोरकू, गोंडी, अहिराणी, मालवणी, झाडीबोली अशा अनेक भाषा आणि बोली बोलणारी मुले महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांत येतात. अशा मुलाच्या बोलण्याला ‘अशुद्ध’ म्हटले, की त्याच्या आईच्या भाषेलाच कमी लेखल्यासारखे होते आणि ते तोंड उघडेनासे होते. सेविकाताईंनी मुलाचा शब्द आधी स्वीकारावा, तो स्वतः वापरावा आणि त्याच्या शेजारी प्रमाण मराठीतला शब्द ठेवावा. अंगणवाडी सेविका त्याच गावातली असावी, या नियमाचा हाच मोठा लाभ आहे. परदेशांत किंवा परप्रांतांत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या पालकांनीही घरात निःशंकपणे मराठीच बोलावे. बाहेरची भाषा मुलाला शाळा आणि सवंगडी देतीलच. मराठी मात्र घरानेच द्यावी लागते.

पहिलीत कोणत्या वयात घालावे?

सहा वर्षे पूर्ण झाल्यावर. प्रवेशासाठी वय मोजण्याचा मानीव दिनांक शासन ठरवते, तो शाळेत विचारून घ्यावा. एक वर्ष वाचेल, या विचाराने जन्मतारखेत फेरफार करणे किंवा साडेपाच वर्षांच्या मुलासाठी आग्रह धरणे टाळावे. वर्गातील इतरांपेक्षा लहान असलेले मूल सुरुवातीपासून मागे राहू लागते आणि आपणच कमी आहोत, असे समजू लागते.

मोबाइलवरील शैक्षणिक व्हिडिओ दाखवावेत का?

दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये. दूरच्या आजी-आजोबांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल हा अपवाद समजावा. दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने, अशी शिफारस भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने केली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही याच आशयाच्या आहेत. मोबाइल समोर ठेवून भरवण्याची सवय विशेष घातक आहे, कारण भूक भागल्याची जाणीव आणि जेवताना होणाऱ्या गप्पा या दोन्ही गोष्टी त्यात हरवतात.

मूल बालवाडीत जाताना रडते. काय करावे?

बहुतेक मुले पहिले काही आठवडे रडतात. आधी दोन-तीन दिवस सोबत बसावे, मग वेळ थोडा थोडा कमी करावा, आणि निघताना मुलाला सांगून, कधी परत येणार हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगूनच निघावे. ‘खाऊ झाला की येते’ असे म्हटले असेल, तर खाऊ झाल्यावर दारात उभे असावे. नजर चुकवून पळून गेल्यास त्या दिवशीचे रडणे टळते, पण आई केव्हाही नाहीशी होऊ शकते ही भीती मुलाच्या मनात घर करते. आधी आनंदाने जाणारे मूल अचानक जायला घाबरू लागले, तर मात्र तेथे काय घडले, याची शांतपणे पण नेटाने चौकशी करावी.

मूल उशिरा बोलत आहे किंवा इतरांपेक्षा वेगळे वागते आहे, असे वाटल्यास कोणाकडे जावे?

प्रत्येक मुलाची गती निराळी असते, हे खरे असले तरी ‘त्याचे वडीलही उशिराच बोलले होते’ एवढ्या आधारावर थांबून राहू नये. वर्षाचे झाल्यावरही हाक मारल्यावर न पाहणे, दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द न येणे, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’ असे दोन शब्द न जोडणे, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात नाहीसे होणे, यांपैकी काही आढळल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि सर्वप्रथम ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू असून त्याची वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा भेट देतात. पुढील तपासणीसाठी मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते आणि तेथील सेवा मोफत असतात. पथक येण्याची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही चिठ्ठी घेता येते.

या काळात मुलाला अंगणवाडीतून किंवा बालवाडीतून काढू नये, कारण इतर मुलांचा सहवास त्याला नेहमीपेक्षा अधिक हवा असतो. तपासणीला जाताना माता व बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे, मूल सध्या कोणते शब्द बोलते, काय समजते आणि कशाला घाबरते हे कागदावर लिहून न्यावे, आणि घरी केलेले एखादे छोटे चित्रीकरण असल्यास तेही दाखवावे. अनोळखी खोलीत गप्प बसलेल्या मुलापेक्षा घरच्या अंगणात खेळणारे मूल पाहून डॉक्टरांना अधिक नेमकी कल्पना येते.